दुसऱ्या भरतीपर्यंत

कमळनं पाठीवरची हॅवरसॅक वाळूत अशी आदळली की आतला स्टोव्ह खणकन वाजला आणि काठ्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले.

“कधी आलं पत्र?”

दत्तात्रेय नेहमीप्रमाणे दहा पावलं पुढं होता. तो थांबला, पण लगेच वळला नाही. आधी त्यानं गळ्यातल्या कॅमेऱ्याचं कातडी झाकण नीट बसवलं, मग मान तेवढी मागं केली.

“गुरुवारी.”

“कुणाच्या नावानं?”

“तुझ्याच नावानं, आणखी कुणाच्या? पोस्टमन जिन्यात भेटला. मी घेतलं.”

“आणि फोडलंत.”

“अगं, आपल्यात काय तुझं-माझं?”

गेल्या तीन दिवसांत तिनं तीनदा तेच वाक्य म्हटलं होतं. भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना म्हटलं, रेवदंड्याच्या धर्मशाळेत सतरंजी पसरताना म्हटलं, आणि आत्ता ह्या कोळीवाड्यातून किनाऱ्याकडे उतरताना पुन्हा म्हटलं, की आपण परत जाईपर्यंत शाळेचं पत्र येऊन पडलेलं असेल. दोनदा त्यानं नुसतं ‘हूं’ केलं होतं. तिसऱ्यांदा त्याला ते ऐकवेना आणि पत्र केव्हाच आलंय, असं तो बोलून गेला. तो काही मुळावर उठलेला माणूस नव्हता, हे कमळनंही कुणाला सांगितलं असतं. त्याला फक्त सगळ्या गोष्टी परस्पर उरकून टाकायची सवय होती.

“आता शांतपणे ऐक,” तो म्हणाला. हा समजुतीचा सूर त्याला विमा कंपनीच्या कचेरीत लागला होता. घाबरलेल्या गिऱ्हाइकांसाठी तो सूर होता आणि घरी बायकोलाही तोच मिळत असे. “मी स्वतः त्याच दिवशी शाळेत जाऊन आलो. सुटी असली तरी कचेरी उघडी होती. म्हटलं, त्यांना तरी कशाला ताटकळत ठेवायचं? हेडक्लार्कला सांगितलं, आमच्याकडून जमायचं नाही. मिटवून टाकलं.”

“आमच्याकडून?”

“तर काय! आईचं दुखणं तू बघतेसच. आणि चार वर्षं केलीस की नोकरी. हौस झाली. तो हेडक्लार्क तरी काय इरसाल, तोंडी ऐकून घ्यायलाच तयार नाही. म्हणे, बाईंना स्वतः येऊ दे. सोमवारी अकरापर्यंत सही करायला आल्या नाहीत तर पुढच्या नावाला बोलावू.”

एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं पुन्हा कॅमेऱ्याचं झाकण चाचपलं.

आज रविवार होता. त्याच्या वहीत प्रवासाचं वेळापत्रक लाल शाईनं रेघा मारून लिहिलेलं होतं आणि त्यात मुंबईला परत पोचायची वेळ मंगळवार, संध्याकाळी सहा अशी होती. कमळ गणिताची शिक्षिका नव्हती, पण एवढा हिशेब तिला येत होता. गुरुवारी पत्र आलं, गुरुवारी रात्री जेवताना ह्यांनी बेटाची गोष्ट काढली, शुक्रवारी पहाटे दोघं बाहेर पडली. तिला वाटलं होतं, लग्नाला सहा वर्षं झाली म्हणून कौतुकानं नेताहेत. तिनं घाईघाईत रव्याचे लाडू वळले होते. त्या लाडवांची आठवण होताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणून आणलंत मला इथं,” ती म्हणाली. “सोमवार टळावा म्हणून.”

“काहीतरीच काय! बेट बघायचं, बेट बघायचं म्हणून चार वर्षं डोकं कुणी खाल्लं माझं?”

ते मात्र खरं होतं. चार वर्षं कमळ मुलींच्या शाळांतून भूगोल शिकवत होती, पण कुठलीच शाळा तिची नव्हती. कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागी कमळ उभी राही. पुस्तकाच्या मधल्याच कुठल्या तरी धड्यापासून सुरुवात करायची, मुलींची नावं पाठ होतात न होतात तोच त्या बाई परत यायच्या, आणि हिनं खडूची पेटी त्यांच्या हातात द्यायची. पाच शाळांत पाच वेळा असं झालं. एका पुस्तकाचा पहिला धडा आणि शेवटचा धडा एकाच वर्गाला शिकवायला तिला कधी मिळालं नव्हतं. आता पहिल्यांदा कायमची जागा रिकामी होती. मुलाखत झाली होती, हेडमिस्ट्रेसबाई तिच्याशी बोलताना दोनदा हसल्या होत्या. दिवाळीच्या सुटीनंतर सोमवारी शाळा उघडणार होती.

आणि बेटाचा धडा तिनं पाचही शाळांत शिकवला होता. फळ्यावर निळ्या खडूनं पाणी काढायची आणि मधे हिरवं. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्ही पाहिलंय का हो? मुंबई म्हणजे बेटंच की, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. पण त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला म्हटलं होतं की मला एकदा खरं बेट बघायचंय. रविवारी रविवारी मित्रांबरोबर गड चढणाऱ्या दत्तात्रेयाला असल्या प्रवासाची माहिती होती. चोरबाजारातून आणलेल्या, लढाईतून उरलेल्या दोन खाकी हॅवरसॅक त्याच्याकडे होत्या. तिच्या वाट्याच्या हॅवरसॅकवर कुणा सोल्जरचा नंबर अजून पांढऱ्या रंगात दिसत होता. रेवसला पोलिसांनी दोन्ही उघडून दारूसाठी हुंगल्या होत्या आणि स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटची बाटली धरून ठेवली होती. तेव्हा ती दोघं किती हसली होती. अवघ्या दोन दिवसांपूर्वीची गोष्ट.

समोर ते बेट होतं. कोळीवाड्यातली माणसं त्याला नावानं ओळखत नसत, नुसतं ‘बेट’ म्हणत. पाण्यात अर्ध्या कोसावर माडांचा एक दाट झुबका, खाली काळ्या खडकांची रांग, आणि सकाळच्या उन्हात इतकं हिरवं की फळ्यावरचा खडू फिका पडावा. कमळनं त्याच्याकडे पाठ केली.

“मी येत नाही.”

“वेडेपणा करू नकोस. रावजी थांबलाय. भरती आहे तोवर निघायला हवं.” दत्तात्रेयानं वाकून तिची हॅवरसॅक एका हातानं उचलली, आपली पाठीवर होतीच, आणि तो होडीकडे चालू लागला. तिची हॅवरसॅक घेऊनच तो गेल्यामुळं तिला मागून जावं लागलं. रस्त्यात भांडून बायकोला चालवत नेण्याची ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती, ती उपजतच होती.

रावजी तांडेल होडीच्या पुढच्या टोकाशी उकिडवा बसून विडी ओढत होता. काल रात्री दोघं त्याच्याच पडवीत उतरली होती. त्याची बायको आवडाबाई हॅवरसॅक बघून पोट धरून हसली होती. “डोस्क्यावर वझं आमी घेतो, खांद्यावर बापय घेतात,” ती म्हणाली होती. “पाठीवर तर बैल घेतंय, बाय!” आता तीही किनाऱ्यावर उभी होती, कमरेला टोपली लावून. रावजीचा धाकटा भाऊ चंदर गुडघाभर पाण्यात होडी धरून होता.

दत्तात्रेयानं दोन्ही हॅवरसॅक होडीत टाकल्या आणि एक पाय आत टाकायला उचलला.

“थांबा, पाव्हणं,” रावजी म्हणाला. “भांडण चाललंय काय?”

“छे हो! भांडण कसलं? नवराबायकोचं बोलणं.”

“बोलणं येगळं. बायचं तोंड बघा जरा.”

सगळ्यांनी कमळच्या तोंडाकडे बघितलं. तिनं ते लपवलं नाही.

रावजीनं विडी वाळूत विझवली. “आमच्या होडीत राग नेत न्हाय,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चढेल असं काही नव्हतं. पाणी किती आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. “बेटावर देव हाय, त्याला चालत न्हाय, ह्ये एक. आन् दुसरं आसं, तिथं खडकांच्या मधी आत शिरायला धा हात वाट हाय फकस्त. लाट आली का होडीतल्या समद्यांनी एका बाजूला वजन टाकायचं. रागातलं माणूस दुसऱ्याच्या बाजूला झुकत न्हाय. माझ्या चुलत्याची होडी तशीच गेली. सख्खे भाव होते दोगं.”

“मग आता?” दत्तात्रेयानं घड्याळ बघितलं.

“आता काय न्हाय. जो येनार त्यानं हितं हात ठेवायचा,” रावजीनं होडीच्या नाळेवर, पुढच्या उभ्या लाकडावर थाप मारली, “आन् म्हनायचं, माझ्या मनात कुनाचा राग न्हाय. रोजचंच हाय आमचं.”

त्यानं स्वतः आधी हात ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. मग चंदरकडे बघितलं. चंदर पाण्यातून वर आला, पण त्यानं हात ठेवला नाही. तो खाली बघत उभा राहिला.

“कालचं हाय थोडं,” तो म्हणाला.

“बोल मग.”

“माझ्या पोरीला तू समद्यांच्या म्होरं बोललास. जाळं तिनं फाडलं नव्हतं.”

वयानं रावजी दहा वर्षांनी तरी मोठा असेल, केस पिकलेले. बायको बघत होती, मुंबईची पाहुणी बघत होती.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “रातच्याला आलो का पोरीला बी सांगतो.”

चंदरनं मान हलवली, नाळेवर हात ठेवला, वाक्य पुटपुटला आणि पुन्हा पाण्यात जाऊन होडी धरली. एवढ्यावर ते संपलं. कमळनं आयुष्यात कुठल्या मोठ्या पुरुषाच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द इतका सरळ बाहेर पडताना ऐकला नव्हता. वडिलांच्या नाही, सासऱ्यांच्या नाही, शाळांच्या सेक्रेटरींच्या तर नाहीच. आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं की तिनं दत्तात्रेयाकडे आशेनं बघितलं. ह्यांनी आत्ता तोच एक शब्द म्हटला, तर मी काय करीन? बहुधा होडीत बसेन, असं तिला वाटलं, आणि ह्या बहुधाचाही तिला राग आला.

दत्तात्रेयानं हात पुढं केला. वर्गात कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलासारखा तो किंचित हसत होता. “माझ्या मनात कुणाचा राग नाही,” त्यानं स्पष्ट म्हटलं.

आणि खरंच त्याच्या मनात राग नव्हता. खोटं तो बोललाच नाही. राग यायला त्याचं काय गेलं होतं?

“बाय?” रावजी म्हणाला.

नाळेचं लाकूड माशाच्या तेलानं काळं कुळकुळीत झालं होतं आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. कमळ तिथवर गेली. बेट आता तिच्या समोर होतं, पाठ फिरवायला जागा नव्हती. माडांच्या मुळाशी पांढऱ्या वाळूची बारीक कड दिसत होती, खडकांवर फेस फुटत होता, वर कुठलेसे पक्षी घिरट्या घालत होते. तिला जायचं होतं. चार वर्षं जायचं होतं आणि आत्ताही जायचं होतं, आणि एक हात ठेवून पाच शब्दांचं एक वाक्य म्हणायचं तेवढं बाकी होतं.

“अगं, म्हण की,” दत्तात्रेय मागून म्हणाला. “म्हणायला काय जातं?”

तिनं हात मागं घेतला.

“माझ्या मनात आहे,” ती म्हणाली.

“कुनाचा?”

“ह्यांचा.”

आवडाबाईनं कमरेची टोपली खाली ठेवली. रावजी दत्तात्रेयाकडे वळला आणि वाट बघू लागला. चंदरही वाट बघत होता. पाणी होडीच्या बुडाशी थपथप वाजत होतं. आता बोलायची पाळी त्याची आहे, हे दत्तात्रेयाला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

“काय?” तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “हे बघ रावजी, हे आमचं घरचं आहे. घरी गेल्यावर बघू आम्ही. इथं चारचौघांत... भरती निघून जाईल तुझी.”

“ती जाईल,” रावजी म्हणाला. त्यानं हात झटकले. “मग बाय काठावर. तुमी या.”

“असं कसं? आम्ही दोघं आलोय.”

“राग ऱ्हायला काठावर, तवा त्याच्यासंगं माणूस बी ऱ्हानार.”

दत्तात्रेयानं बेटाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय चाललंय ते कमळला पुस्तकासारखं वाचता येत होतं. होडी ह्या भरतीला जाणार आणि रात्रीच्या भरतीला परत येणार, कारण मधल्या वेळात खडकांतल्या वाटेत पाणीच नसतं. रात्री म्हणजे रविवार गेला. रात्रीतून बाईमाणूस जाते कुठं? आणि तोवर राग निवतोच, नेहमी निवत आलाय. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

“बरं,” तो म्हणाला. “तू बस आवडाबाईंपाशी. नाहीतरी तुला ऊन सोसत नाही. मी बेटाचे छान फोटो काढून आणतो. तुझ्या मुलींना दाखवायला होतील.”

“कुठल्या मुलींना?” कमळनं विचारलं.

चंदर उगीचच होडीतलं पाणी उपसू लागला.

“माझी हॅवरसॅक द्या,” ती म्हणाली. “आणि पत्र द्या.”

“पत्राचं काय आता...”

“वाचते. दिवसभर दुसरं काय करायचंय?”

त्यानं आपल्या हॅवरसॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून लिफाफा काढला. तो कप्प्यात इतका वर होता की गेले दोन दिवस तो तिच्या नाकासमोर हलत चालला होता. ती मागून चालत होती आणि तिचं पत्र पुढून. तिनं तो घेतला. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं, होडीत चढला, आणि होडी निघाली. शंभर हातांवर गेल्यावर त्यानं वळून हात हलवला. माणूस मनानं चांगला होता, सगळे तसंच म्हणत.

कमळनं उभ्यानंच पत्र वाचलं. चारच ओळी होत्या. ‘सौ. कमळ यांस’ अशी सुरुवात होती आणि ‘आपण स्वतः’ ह्या शब्दांखाली कुणीतरी शाईनं रेघ ओढली होती. ती रेघ बघून तिचे डोळे भरले, आणि डोळे भरले म्हणून तिनं स्वतःला चार शिव्या दिल्या. रडायला सबंध आयुष्य पडलं होतं.

“आवडाबाई, साळावच्या धक्क्याला पायी किती वेळ लागेल?”

“काल खाडी वलांडून थितनंच चालत आलात न्हाय का?”

“काल ह्यांच्या मागून आले. एकटीला किती लागेल?”

आवडाबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बेटाकडे जाणाऱ्या होडीकडे बघितलं. “दुपार व्हईल,” ती म्हणाली. “पल्याड रेवदंड्याला तीनची यष्टी हाय. ती गावली तर रेवसहून मुंबईची शेवटची लाँच गावते. न्हायतर उद्या.”

“उद्या चालणार नाही.”

आवडाबाई घरात गेली आणि फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन आली. कमळनं हॅवरसॅक उघडली. स्टोव्ह काढला, तांदळाची पुरचुंडी काढली, पातेलं, कंदील, सतरंजी, ह्यांचा जास्तीचा सदरा, सगळं पडवीत नीट रचून ठेवलं. आपलं एक लुगडं, भाड्यापुरत्या पैशांचा बटवा आणि लाडवांचा डबा तेवढा आत राहू दिला. मग डबाही बाहेर काढला.

“हे चंदरभावजींच्या मुलीला द्या.”

“आन् रातच्याला त्यांना काय सांगू?”

कमळनं पट्ट्यांत हात घातले. “शाळेत गेली म्हणून सांगा.”

रस्ता मातीचा होता आणि समुद्राच्या कडेकडेनं जाणारा. पहिला तासभर बेट तिच्या डाव्या हाताला होतं. वळण आलं की दडायचं, वळण संपलं की पुन्हा हजर. ती त्याच्याकडे बघणार नव्हती आणि दर वेळी बघत होती. एकदा तिला माडांखाली काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. त्यांचा सदरा असेल, नसेलही. ह्यांनी आपल्यासाठी ठरवलेलं बेट आपल्याला अजूनही हवंय, ह्याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला. रस्त्यात कुणी नव्हतं म्हणून ती मोठ्यानं बोलू लागली. सहा वर्षांत जे जे गिळलं होतं ते सगळं तिनं केवड्याच्या झुडपांना ऐकवलं. मिटवून टाकलं म्हणे! भाजीवाल्याची उधारी मिटवतात, माणूस मिटवतात का? हौस झाली? पाच बायकांची बाळंतपणं शाळेच्या बाजूनं मी निस्तरली, ती हौस? एक गुराखी म्हातारा बैल थांबवून तिच्याकडे बघत राहिला, तेव्हा ती गप्प झाली आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाली.

काशीदला ती गावच्या विहिरीवर पाणी प्यायली. पुढं चढ लागला. टाचेला फोड आला, तो फुटला, चप्पल काढून हातात घेतली. तासातासानं राग ओसरे आणि त्याच्या जागी भीती येई. मंगळवारी ते घरी येतील तेव्हा काय होईल? सासूबाई काय म्हणतील? घराचं दार उघडं असेल का आपल्याला? भीती वाढली की ती पत्रावर हात ठेवी. ‘आपण स्वतः’. मग राग परत येई, आणि तिला बरं वाटे, कारण रागात चालणं सोपं होतं.

साळावच्या धक्क्याला ती पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. तोंडावर मिठाचा थर, केस सुटलेले. खाडीपलीकडे रेवदंड्याचे माड दिसत होते आणि त्यांच्या मागून धुराचा एक धागा वर चालला होता. उतारू नेणारी मोठी होडी धक्क्याला लागलेलीच होती. सात-आठ माणसं बसली होती, दोन कोंबड्या होत्या, एक सायकल होती. होडीवाल्या भागोजीनं तिला हात देऊन आत घेतलं. काल ह्याच होडीनं ती दोघं अलीकडे आली होती. पाठीवरची ती खाकी गोणी बघून त्यानं लगेच ओळखलं आणि हसून मान हलवली.

ती कडेला बसली. होडी निघेना.

तिला वाटलं, आणखी उतारू यायचे असतील. धक्क्याकडे येणाऱ्या रस्त्यावर कुणी दिसत नव्हतं. भागोजी वल्ह्यावर हात ठेवून बसला होता. सायकलवाल्यानं जांभई दिली. एका बाईनं कोंबड्यांचे पाय पुन्हा बांधले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी कुरकुरत नव्हतं, भागोजीला कुणी काही विचारत नव्हतं. सगळे कसे समजूतदारपणे गप्प बसले होते आणि अधूनमधून रस्त्याकडे बघत होते. पलीकडे रेवदंड्यात कुठंतरी मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हा कमळला राहवेना.

“अहो, निघत का नाही?” ती म्हणाली. “तीनची एस.टी. चुकेल माझी.”

“निगू की, ताई,” भागोजी आदबीनं म्हणाला. “मालक येऊ देत तुमचे. मागं ऱ्हायलेत ना? समदेच थांबलोत त्यांच्यासाठी.”

कमळनं होडीतल्या एकेका माणसाकडे बघितलं. तिच्यावर उपकार म्हणून ती सगळी माणसं भर उन्हात बसून होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बाई एकटी पुढं आली म्हणजे पुरुष मागून येत असणारच, ह्यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं.

ती उठून उभी राहिली. होडी डुलली. पन्नास मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज तिच्याकडे होता, तो तिनं चार वर्षं कमावला होता.

“माझ्यामागून कुणी येत नाहीये,” ती म्हणाली. “होडी सोडा.”

भागोजीनं एकदा रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग त्यानं वल्हं धक्क्याला टेकवलं आणि जोर लावला. कोंबड्यांवाल्या बाईनं आपलं बोचकं मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली.

“बस गो बाय,” ती म्हणाली. “पडशील.”